बिटकॉइन नोड रखडलाय? नेटला शिव्या देण्याआधी डिस्क बघा

नोड म्हणजे २००९ पासूनचे सगळे बिटकॉइन व्यवहार स्वतः उतरवून तपासणारा कॉम्प्युटर, बिटकॉइन कोअर हे त्याचं सॉफ्टवेअर, आणि या पहिल्या उतरवण्या-तपासण्याला म्हणतात सिंक. घरच्या कॉम्प्युटरवर बिटकॉइन कोअर टाकलं की सुरुवात झोकात होते. २००९ ते २०१३ ही वर्षं बघता बघता उलटतात. २०१७-१८ च्या आसपास गाडी हळू होते आणि २०२३ मध्ये पोचल्यावर दिवसाला दोन-चार टक्के सरकली तरी नशीब. मग लोक नेटचा प्लॅन वाढवतात, राउटर बदलतात, कंपनीला फोन करून भांडतात. फरक काहीच पडत नाही, कारण दुखणं भलतीकडेच असतं.

हिशोब करून बघा. संपूर्ण ब्लॉकचेन, म्हणजे व्यवहारांच्या गठ्ठ्यांची (ब्लॉकची) अख्खी साखळी, आज ७०० जीबीच्या घरात आहे. १०० एमबीपीएसच्या फायबरवर सेकंदाला साधारण १२ एमबी उतरतात, म्हणजे सगळा माल सोळा तासांत घरात यायला हवा. ४० एमबीपीएसच्या साध्या प्लॅनवरही चाळीस तास पुरतात. तरी जुन्या हार्डडिस्कवर हेच काम आठवडेच्या आठवडे चालतं. एवढा वेळ नेट खात नाही.

नोड ब्लॉक नुसता उतरवून ठेवत नाही, तपासतो. तपासणी म्हणजे प्रत्येक व्यवहारात खर्च होणारं नाणं खरंच अस्तित्वात आहे का आणि आधीच खर्च झालेलं नाही ना, हे बघणं. त्यासाठी न खर्चलेल्या सगळ्या नाण्यांची एक यादी तो सतत जवळ बाळगतो. ही यादी 'चेनस्टेट' नावाच्या फोल्डरात असते आणि तिचा आकार सध्या ११-१२ जीबीच्या आसपास आहे. ब्लॉकच्या ७०० जीबीपुढे ही किरकोळ वाटते, पण सगळा जीव तिथेच अडकतो.

एका ब्लॉकमध्ये समजा ६००० नाणी खर्च होतायत. निम्मी रॅममध्येच सापडली, उरलेल्या ३००० नोंदी डिस्कवर शोधायच्या. त्या एका ओळीत लिहिलेल्या नसतात, डिस्कभर विखुरलेल्या असतात. फिरत्या हार्डडिस्कचा काटा सेकंदाला जेमतेम शंभर वेळा इकडून तिकडे जातो. म्हणजे या एका ब्लॉकला तीस सेकंद. तोच ब्लॉक नेटवरून पाव सेकंदात आलेला असतो! एसएसडी असे विखुरलेले वाचनाचे फेरे सेकंदाला हजारोंनी मारते, आणि म्हणून बाकी काहीही न बदलता नुसती डिस्क बदलली तरी आठवड्यांचं काम दिवसांवर येतं. २००९-१३ मध्ये ब्लॉक जवळपास रिकामे होते आणि यादीही एवढीशी होती, ती अख्खी रॅममध्ये मावायची. सुरुवातीच्या वेगाचं गुपित तेवढंच. २०२३ पासून ऑर्डिनल्सच्या, म्हणजे नाण्यांवर चित्रं-मजकूर कोरण्याच्या, लाटेत बारीकसारीक नाण्यांची रास पडली आणि यादी आणखी फुगली.

आता खरेदी. १ टीबीची एसएसडी घेऊ नका. कॉम्प्युटरला ती ९३१ जीबी दिसते, ब्लॉकचेन वर्षाला साधारण ८०-९० जीबीने वाढते, आणि दोन वर्षांत पुन्हा बाजारात जावं लागतं. सरळ २ टीबी घ्या. एनव्हीएमई (जास्त वेगवान जातीची) असेल तर छानच, पण साधी, जुन्या जोडणीची साटा एसएसडीही पुरते. इथे कमाल वेगाचा छापील आकडा कामाचा नाही. टाळायची ती अगदी स्वस्तातली, डीरॅम (स्वतःची छोटी मेमरी) नसलेली क्यूएलसी (एका कप्प्यात चार बिट कोंबणारी) एसएसडी. तिच्यात थोडा भाग वेगवान कॅश, म्हणजे तात्पुरती साठवण, म्हणून वापरलेला असतो, तो भरला की लिहिण्याचा वेग हार्डडिस्कच्याही खाली घसरतो. सिंकमध्ये तर सलग कित्येक तास लिहिणंच चालू असतं.

यूएसबीच्या डबीत एसएसडी घालून वापरणार असाल तर डबी यूएएसपीवाली (यूएसबीवरून डिस्क वेगाने चालवण्याची पद्धत) बघा, केबल सोबत आलेलीच लावा आणि कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या पोर्टला जोडा, हबमधून नाही. मध्येच डिस्क गायब होऊन नोड बंद पडण्यामागे बहुतेक वेळा केबल नाहीतर वीज बचतीची सेटिंग निघते. विंडोजमध्ये यूएसबीची 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' आणि कॉम्प्युटरची झोप, दोन्ही बंद करा. बाहेरच्या डिस्कचं फॉरमॅट बहुधा एक्सफॅट असतं. ते काढून विंडोजवर एनटीएफएस, लिनक्सवर ईएक्सटी४, मॅकवर एपीएफएस करून घ्या. एक्सफॅटमध्ये जर्नलिंग (बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवण्याची सोय) नसतं, वीज गेली की डेटाबेस बिघडण्याची शक्यता वाढते, आणि मॅकवर तर एक्सफॅटचा त्रास ठरलेलाच.

खिसा हलका असेल तर एक उत्तम तोड आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात. घरात ५०० जीबीची एसएसडी आणि जुनी २ टीबीची हार्डडिस्क असेल तर 'ब्लॉक्सडिर' ही सेटिंग हार्डडिस्ककडे वळवा. ब्लॉकच्या मोठ्या फाइली हार्डडिस्कवर जातात, चेनस्टेट मात्र एसएसडीवर राहतो. ब्लॉकच्या फाइली १२८ एमबीच्या तुकड्यांत, एकामागून एक सलग लिहिल्या जातात. असं काम हार्डडिस्कला आनंदाने जमतं.

डिस्कनंतर रॅम. यादीचा जितका भाग रॅममध्ये राहील तितके डिस्कचे फेरे वाचतात, आणि हे ठरवणारी सेटिंग म्हणजे 'डीबीकॅश'. बरीच वर्षं ती मुळात ४५० एमबीवर ठेवलेली होती, म्हणजे आजच्या यादीपुढे चिमूटभर. ८ जीबी रॅमच्या मशीनवर ती ४००० करा, १६ जीबीवर ८०००, ३२ जीबी असेल तर १६०००. जुन्या आवृत्त्यांत १६,३८४ ला सॉफ्टवेअर स्वतःच थांबायचं, नव्या आवृत्त्यांत ती मर्यादा काढलेली आहे. हावरटपणाचा तोटाही लगेच दिसतो: ८ जीबीच्या विंडोजवर डीबीकॅश ६५०० ठेवली, वर ब्राउझरची वीस पानं उघडी, की विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर टाकायला लागतं आणि सिंक आधीपेक्षाही मंद होतं. सिंक चालू असेपर्यंत त्या मशीनवर दुसरं काही उघडू नये हे बरं.

सॉफ्टवेअर फक्त बिटकॉइन कोअरच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या; शोधाच्या निकालात सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. इन्स्टॉलरसोबत दोन छोट्या फाइली असतात: एकीत सगळ्या फाइलींचे शा-२५६ ठसे (फाइलवरून गणिताने काढलेली तिची ओळख), दुसरीत त्या ठशांवरच्या सह्या. तिन्ही एकाच फोल्डरात उतरवा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'सर्टयूटिल'ला हॅशफाइल हा पर्याय, इन्स्टॉलरचं नाव आणि शेवटी शा-२५६ दिलं की ६४ अक्षरांचा ठसा मिळतो. तो यादीतल्या ठशाशी पूर्ण जुळवा. पहिली आणि शेवटची चार अक्षरं बघून सोडू नका. लिनक्सवर 'शा२५६सम' हेच काम करतं. पण ठसा जुळला म्हणजे फाइल नीट उतरली इतकंच कळतं. ती खऱ्या लोकांनी बनवलीय का हे जीपीजी या सह्या तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने बघितल्यावर कळतं. त्यासाठी दोन-तीन विकासकांच्या जाहीर चाव्या (सही ओळखायला लागणाऱ्या फाइली) आधी आयात कराव्या लागतात. 'गुड सिग्नेचर' दिसलं की झालं. त्याच्याखाली ही चावी विश्वासार्ह म्हणून प्रमाणित केलेली नाही असा इशारा येतो, त्याने दचकू नका. तुम्ही स्वतः त्या चावीवर शिक्का मारलेला नाही एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्यांदा चालू केल्यावर सॉफ्टवेअर विचारतं, डेटा कुठे ठेवू. इथे घाईत 'ओके' दाबलं की सगळं सी ड्राइव्हवर जायला लागतं आणि १०० जीबीवर विंडोज गळा काढतं. डी ड्राइव्हवर आधीच एक फोल्डर करून ठेवा आणि तोच दाखवा. त्याच फोल्डरात बिटकॉइन डॉट कॉन्फ नावाची साधी मजकूर फाइल बनवायची, प्रत्येक सेटिंग स्वतंत्र ओळीवर: नाव, बरोबरचं चिन्ह, आकडा, मध्ये जागा नाही.

नोटपॅडचा एक जुना चावटपणा इथे नडतो. फाइल जतन करताना तो शेवटी गुपचूप टीएक्सटी जोडतो, विंडोज ते शेपूट लपवतं, तुम्हाला नाव बरोबर दिसतं आणि नोड फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. डीबीकॅश ८००० लिहूनही टास्क मॅनेजरमध्ये नोड एक-दीड जीबीच्या पुढे जात नसेल तर आधी हेच तपासा. नोड आपल्या कामाची नोंद ज्या फाइलीत लिहितो त्या डीबग डॉट लॉगच्या सुरुवातीला कॉन्फिग फाइलचा पत्ता छापलेला असतो. त्याच्यापुढे 'नॉट फाउंड, स्किपिंग' असेल तर चोर सापडला.

कॉन्फ फाइलमध्ये सुरुवातीला डीबीकॅश, आणि वापरत असाल तर ब्लॉक्सडिर, सोडून काही नको. 'टीएक्सइंडेक्स', म्हणजे प्रत्येक व्यवहाराची वेगळी अनुक्रमणिका, तर मुळीच नको. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांतून ती ओळ जो तो उचलतो, पण घरच्या वापरात तिची गरज क्वचितच पडते आणि डिस्कवर कित्येक जीबी वाढीव जातात. लागलीच तर सिंकनंतर चालू करता येते.

आता नोड सुरू. पहिला टप्पा हेडरचा, म्हणजे ब्लॉकच्या डोक्यावरच्या छोट्या सारांशाचा. प्रत्येक ब्लॉकचं हेडर फक्त ८० बाइटचं, नऊ लाखांहून जास्त ब्लॉक, म्हणजे ७०-८० एमबी. २४ व्या आवृत्तीपासून ही हेडर दोनदा उतरवली जातात: कुणी खोट्या हेडरांचा ढीग पाठवून मेमरी भरू नये म्हणून आधी एकदा नुसती मोजणी होते, मग खरी नोंद. या काळात प्रगतीचा आकडा शून्यावर दिसतो. दहा-पंधरा मिनिटं धीर धरा.

मग ब्लॉक यायला लागतात, आणि इथून पुढे लॉगमधली एकच ओळ वाचायची सवय लावा. ती 'अपडेटटिप'ने सुरू होते. तिच्यात हाइट म्हणजे कितवा ब्लॉक, डेट म्हणजे तो ब्लॉक कधीचा, प्रोग्रेस म्हणजे शून्य ते एक या मापात प्रगती, आणि अगदी शेवटी कॅश (रॅममधली यादी) किती एमबी भरलीय ते. प्रोग्रेस ब्लॉकच्या संख्येवर नाही तर व्यवहारांच्या संख्येवर मोजलेली असते. म्हणून हाइट तीन लाखांवर, म्हणजे एकूण ब्लॉकच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गेली तरी प्रोग्रेस अगदी मामुली दिसते. कॅशचा आकडा वाढत वाढत तुमच्या डीबीकॅशपाशी पोचला की सगळं एकदम डिस्कवर लिहिलं जातं आणि तेवढा वेळ नोड गप्प बसतो. तो अडकलेला नसतो, लिहीत असतो. त्या वेळी जबरदस्तीने बंद केलात तर मात्र खरंच अडकेल.

मंदपणाचं कारण शोधायला टास्क मॅनेजर पुरतो. डिस्क १०० टक्के, प्रोसेसर १०-१५ टक्के आणि नेट मधूनमधून शून्यावर: दोष डिस्कचा. नेट शून्यावर का येतं? नोड तपासणीच्या पुढे फक्त १०२४ ब्लॉकपर्यंतच उतरवून ठेवतो. तेवढे जमले की आधीचे तपासून होईपर्यंत पुढचे मागतच नाही. नेमका हा शून्य बघून लोक नेट कंपनीवर घसरतात. उलट नेटचा आलेख प्लॅनच्या कमाल वेगावर सपाट चाललाय आणि डिस्क निवांत आहे, तर तक्रार नेटबद्दल करायला हरकत नाही. असं फार थोड्यांच्या बाबतीत होतं.

प्रोसेसर १०० टक्क्यांवर गेला तर? ते बहुधा सगळ्यात शेवटी होतं. प्रत्येक आवृत्तीत एका अलीकडच्या ब्लॉकचा ठसा लिहिलेला असतो आणि त्या ब्लॉकपर्यंतच्या व्यवहारांवरच्या सह्या पुन्हा तपासल्या जात नाहीत. या सोयीला 'असूमव्हॅलिड' म्हणतात. नाणी खरी आहेत का, दुबार खर्च झालाय का, ठरलेल्यापेक्षा जास्त नाणी कुणी पाडली का, हे सगळं त्या काळातही तपासलंच जातं. तो ब्लॉक मागे पडला की सह्यांचीही तपासणी सुरू होते आणि पंखे ओरडायला लागतात. आवृत्ती जितकी जुनी तितका हा शेवटचा टप्पा लांब, म्हणून सिंकला बसण्याआधी ताजी आवृत्ती घ्या.

वीज हा आपल्याकडचा स्वतंत्र अध्याय. डीबीकॅश मोठी म्हणजे न लिहिलेली माहिती रॅममध्ये जास्त. वीज गेली की ती गेली. सुदैवाने ब्लॉकच्या फाइली डिस्कवर सुरक्षित असतात. पुन्हा सुरू केल्यावर नोड शेवटच्या नोंदीपासून तेच ब्लॉक परत तपासतो, कधी त्यात तासभर जातो. वाईटात वाईट म्हणजे डेटाबेसच बिघडतो आणि 'पुन्हा बांधू का' असा प्रश्न येतो. तिथे लगेच होय म्हणू नका. आधी 'रीइंडेक्स-चेनस्टेट' करून बघा: ब्लॉकच्या फाइली आणि त्यांची अनुक्रमणिका तशीच ठेवून फक्त नाण्यांची यादी नव्याने बनते. त्याने भागलं नाही तरच पूर्ण 'रीइंडेक्स'. दोन्हींत नेटवरून काहीच पुन्हा उतरवावं लागत नाही. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर डेस्कटॉप पाच-दहा मिनिटं तगतो. तेवढ्यात नोड नीट बंद करून घ्यायचा. जिथे रोज दोन तास भारनियमन आहे तिथे डीबीकॅश २०००-३००० वरच ठेवलेली बरी. आणि बंद करताना खिडकी नाहीशी झाली तरी पाठीमागे लिहिणं चालू असतं, टास्क मॅनेजरमधून नाव गेल्याशिवाय बटण दाबू नका.

जुन्या डेस्कटॉपला आणखी एक गमतीशीर आजार होतो. मदरबोर्डवरची बटणासारखी सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते, वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. ज्या ब्लॉकची वेळ आपल्या घड्याळापेक्षा दोन तासांहून जास्त पुढे आहे तो नोड नाकारतो. म्हणजे सिंक एका ठरावीक तारखेपाशी येऊन ठप्प, लॉगमध्ये 'टाइम टू न्यू', आणि माणूस डिस्क फॉरमॅट करायला निघालेला. नवी बॅटरी कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातही मिळते.

अँटिव्हायरसला डेटाचा फोल्डर वगळायला सांगा. तो प्रत्येक १२८ एमबीची फाइल चाळत बसतो हे एक, आणि कधी एखादी फाइल विषाणू समजून उचलून नेतो हे दुसरं. २०१४ मध्ये कुणीतरी 'स्टोन्ड' या जुन्या विषाणूची खूण व्यवहारात घालून ब्लॉकचेनमध्ये घुसवली होती, आणि मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस लोकांच्या ब्लॉकचेनच्या फाइलींवर तुटून पडला होता. ती खूण नुसते बाइट होते, अपाय काहीच नव्हता.

जागाच नसेल तर छाटणी, म्हणजे 'प्रून'. ५५० हा सर्वात छोटा आकडा, एमबीमध्ये. उतरवावं सगळंच लागतं, फक्त तपासून झालेले जुने ब्लॉक पुसले जातात. डिस्कवर तरीही ११-१२ जीबीची यादी राहतेच. छाटणीची वेळ आली की कॅशही डिस्कवर लिहावी लागते, म्हणून जागा असेल तर ५५० ऐवजी ५०,००० ठेवा. छाटलेल्या नोडची मोठी अडचण नंतर कळते: जुनं वॉलेट आणून त्याचे पूर्वीचे व्यवहार शोधायचे म्हटलं तर ब्लॉकच शिल्लक नसतात, सगळं पुन्हा उतरवणं आलं. अशा नोडवर पूर्ण रीइंडेक्सचा अर्थही तोच होतो.

घाई असणाऱ्यांसाठी २८ व्या आवृत्तीपासून 'असूमयूटीएक्सओ' आहे. ८,४०,००० व्या ब्लॉकपर्यंतची, म्हणजे एप्रिल २०२४ च्या हाल्विंगपर्यंतची (नव्या नाण्यांचं बक्षीस निम्मं झालं तिथपर्यंतची) नाण्यांची तयार यादी वेगळी उतरवून भरायची. तिचा ठसा सॉफ्टवेअरमध्येच असल्याने खोटी यादी चालत नाही. नोड लवकर वापरण्याजोगा होतो आणि पहिल्यापासूनची तपासणी मागे चालू राहते. मित्राच्या डिस्कवरून अख्खा डेटा कॉपी करणं ही मात्र वेगळी गोष्ट. त्या चेनस्टेटवर तुमचा नोड डोळे मिटून विश्वास ठेवतो, मग स्वतः तपासण्याचा खटाटोप कशाला केला? स्वतःच्याच दुसऱ्या मशीनवरून, नोड बंद करून, कॉपी करायला हरकत नाही. आधीच सिंक केलेल्या हार्डडिस्क विकणाऱ्यांपासून चार हात लांब.

सिंक झाल्यावर नेटचा मुद्दा खरा येतो, पण उलट दिशेने: आता इतर लोक तुमच्याकडून जुने ब्लॉक मागतात. आपल्याकडच्या बऱ्याच 'अमर्याद' फायबर प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. 'मॅक्सअपलोडटार्गेट' ५००० ठेवलं की रोजची पाठवणी पाच जीबीच्या आसपास राहते. बाहेरून कुणी जोडलंच जात नसेल तर बहुधा कंपनीने तुम्हाला सीजीनॅटमागे (एकच आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याची पद्धत) ठेवलेलं आहे, राउटरमध्ये ८३३३ पोर्ट कितीही उघडा. त्यासाठी स्थिर आयपीचे पैसे भरायची गरज नाही. नोड स्वतःहून दहा जोडण्या करतो आणि तुमच्या कामाला त्या पुरतात. बाहेरच्यांनाही वाट द्यायची हौस असेल तर टॉर (ओळख लपवून जोडणारं जाळं) लावा, तो सीजीनॅटमधूनही चालतो. ८३३२ हे पोर्ट मात्र राउटरमध्ये कधीच उघडायचं नाही, नोडला हुकूम देण्याचा तो दरवाजा आहे.

हे सगळं करून पैसे मिळत नाहीत, हेही सांगून टाकतो. मायनिंग, म्हणजे नवे ब्लॉक बनवून नाणी कमावणं, वेगळं, नोड वेगळा. विजेचं म्हणाल तर १० वॅटचा मिनी पीसी महिन्याला सात युनिट खातो, ६० वॅटचा जुना डेस्कटॉप ४३. कायम चालू ठेवायचं असेल तर सिंक डेस्कटॉपवर करून डेटा मिनी पीसीवर हलवणं परवडतं. तिथे डीबीकॅशची ओळ काढून टाका. दहा मिनिटांना एक ब्लॉक तपासायला मूळचा आकडा भरपूर झाला. मग 'सर्व्हर' ही सेटिंग एकवर करून स्पॅरोसारखं वॉलेट जोडा, आणि जुनं वॉलेट आणताना ते कधी बनवलं ती तारीख नक्की भरा, नाहीतर शोध २००९ पासून सुरू होतो.